सही एकाची, हुकूम दुसऱ्याचा

पुरवठादार थकलेले पैसे मागायला गेला की खासगी कंपनीचा संचालक अनेकदा एकच उत्तर देतो, "मोठ्या साहेबांना विचारून सांगतो." हे मोठे साहेब कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील संचालकांच्या यादीत सापडत नाहीत. तिथे त्यांच्या पत्नीचे नाव असते, पुतण्याचे असते, कधी वीस वर्षे नोकरीत मुरलेल्या हिशेबनिसाचे असते. चेकवर सही पुतण्याची, बँकेतल्या कर्जाच्या कागदांवर सही हिशेबनिसाची. साहेब मात्र रोज सकाळी येऊन कोणाचे पैसे द्यायचे, कोणाला थांबवायचे, कोणाला कामावर घ्यायचे हे सांगतात आणि तसेच होते. कंपनी बुडते आणि देणेकरी दारात उभे राहतात, तेव्हा साहेब म्हणतात, "माझा काय संबंध? मी तर साधा संचालकही नाही."

संबंध आहे. कंपनी कायद्याने अशा माणसाची दखल शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच घेतली आहे. त्याला छाया संचालक म्हणतात. ज्याच्या निर्देशांनुसार किंवा सूचनांनुसार कंपनीचे संचालक वागत आले आहेत, ज्याचे ऐकण्याची त्यांना सवय लागली आहे, तो छाया संचालक. व्याख्या एवढीच आहे आणि तिचे खरे कर्तेपद संचालकांकडे आहे. साहेब किती प्रभावी आहेत, त्यांनी किती पैसा ओतला आहे, ते किती जोरात बोलतात, हे सगळे दुय्यम. खुर्चीवर बसलेल्यांनी आपली बुद्धी वापरली की दुसऱ्याचा हुकूम पाळला, हा कायद्याचा प्रश्न. साहेबांवरची नजर काढून ती संचालक मंडळावर रोखली, तर या विषयातील बहुतेक गुंते सुटतात असे माझे मत आहे.

ही व्याख्या ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धात जन्मली. १९१७ साली तिथे संचालकांचा तपशील जाहीर करण्यासंबंधी एक कायदा झाला. कंपन्यांच्या मागे नेमके कोण आहे, कोणत्या देशाचे लोक आहेत, हे युद्धकाळात सरकारला आणि जनतेला कळायला हवे होते. नावे आणि राष्ट्रीयत्व जाहीर करायचे, तर यादीत भलतीच माणसे बसवून मागून कारभार हाकण्याची पळवाट बुजवणे भाग होते. म्हणून संचालक या संज्ञेतच, ज्याच्या सांगण्यावरून संचालक वागतात त्या व्यक्तीचा समावेश केला गेला. 'शॅडो डायरेक्टर' हे नाव बरेच उशिरा, १९८०च्या कायद्यात आले. आज ब्रिटनच्या २००६च्या कंपनी कायद्यातील कलम २५१ मध्ये ही व्याख्या जवळपास त्याच शब्दांत आहे. तिथेच तीन अपवादही दिले आहेत: व्यावसायिक या नात्याने दिलेला सल्ला, कायद्याने सोपवलेले काम करताना दिलेल्या सूचना आणि मंत्र्यांचे त्यांच्या पदाच्या नात्याने दिलेले मार्गदर्शन.

शब्द थोडे असले तरी त्यांचा अर्थ लावताना न्यायालयांनी बराच घाम गाळला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला हायड्रोडॅम कंपनीचा निकाल यात पायाभूत मानला जातो. ही दिवाळखोर कंपनी ईगल ट्रस्ट या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली होती आणि तिच्या संचालकपदी माणसेही नव्हती, चॅनेल बेटांवरच्या दोन कंपन्या होत्या. लिक्विडेटरने मूळ कंपनीबरोबर तिच्या सगळ्या संचालकांनाही प्रतिवादी केले. न्यायमूर्ती मिलेट यांनी सिद्ध करण्याच्या गोष्टी स्पष्ट मांडल्या. आधी कंपनीचे संचालक कोण ते दाखवा. मग प्रतिवादीने त्या संचालकांना कसे वागायचे हे सांगितले, ते दाखवा. ते तसे वागले, हे दाखवा. आणि शेवटी, तसे वागणे त्यांच्या अंगवळणी पडले होते, हे दाखवा. मूळ कंपनीच्या बोर्डावर बसलेला माणूस केवळ तेवढ्यामुळे उपकंपनीचा छाया संचालक ठरत नाही, असेही त्यांनी सांगितले. तो आपल्या बोर्डात मत देतो, सूचना दिलीच तर ती बोर्डाची असते, त्याची एकट्याची नसते.

याच निकालात आणखी एक भेद आहे आणि तो विसरला की फार गोंधळ होतो. नेमणूक न होताच जो उघडपणे संचालकाचे काम करतो, बैठकांना बसतो, 'मी या कंपनीचा डायरेक्टर' म्हणून गिऱ्हाइकांशी व्यवहार करतो, तो वस्तुतः संचालक. छाया संचालक स्वतः संचालकाची भूमिका करत नाही, ती करणाऱ्यांना चालवतो. मिलेट यांना हे दोन प्रकार एकमेकांपासून पूर्ण वेगळे वाटत होते. पुढच्या निकालांनी ही भिंत बरीच सैल केली, कारण एकच माणूस सकाळी बँकेत संचालक म्हणून बोलणी करतो आणि दुपारी मंडळाला हुकूम सोडतो, असे प्रत्यक्षात दिसते.

मिलेट यांची कसोटी कडक होती. मंडळाने स्वतःचा विवेक पूर्ण गहाण टाकला असेल तरच छाया संचालक, असा तिचा अर्थ घेतला जाऊ लागला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या डेव्हरेल निकालात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ती गाठ सोडवली. युरो एक्स्प्रेस ही सहली आयोजित करणारी कंपनी बुडाली होती आणि सल्लागार म्हणवणाऱ्या दोघांना कंपन्यांच्या संचालनास अपात्र ठरवावे, अशी सरकारची मागणी होती. लॉर्ड जस्टिस मॉरिट यांनी मांडलेले मुद्दे या विषयात आजही सगळ्यात उपयोगी आहेत. कंपनीच्या कारभारात खरा प्रभाव असलेल्यांना शोधणे, हा कायद्याचा हेतू. मात्र तो प्रभाव कारभाराच्या प्रत्येक कोपऱ्यात असलाच पाहिजे असे नाही. सूचनेला सूचना म्हटले होते की सल्ला, हे निर्णायक नाही. बोलण्याचा परिणाम काय झाला, ते वस्तुनिष्ठपणे पाहायचे. संचालकांनी हात बांधून शरणागती पत्करली होती, हे दाखवण्याची गरज नाही. आणि त्या व्यक्तीने पडद्याआड लपून राहिले पाहिजे, अशीही अट नाही. कंपनीच्या दारावर ज्याच्या नावाची पाटी आहे, सगळा गाव ज्याला मालक म्हणून ओळखतो, तोही छाया संचालक ठरू शकतो.

सवय या अटीला मात्र धार आहे. एकदा दिलेला हुकूम, एखाद्या संकटात ऐकलेला सल्ला, एवढ्याने कोणी छाया संचालक होत नाही. काही काळ चाललेला आज्ञापालनाचा क्रम दिसावा लागतो. आणि तो मंडळाचा, निदान मंडळातील निर्णायक बहुमताचा, असावा लागतो. न्यूझीलंडमधून प्रिव्ही कौन्सिलकडे गेलेल्या कुवेत एशिया बँकेच्या प्रकरणात पाच संचालकांपैकी दोन बँकेने नेमलेले होते. दोघे बँकेचे ऐकत असले, तरी उरलेले तिघे ऐकत होते असे नव्हते. बँक छाया संचालक ठरली नाही.

कर्ज देणाऱ्या बँकांना या व्याख्येची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. कंपनी अडचणीत आली की बँक अटी घालते: अमुक मालमत्ता विका, तमुक खर्च थांबवा, दर आठवड्याला हिशेब दाखवा. १९९५ च्या एका इंग्रजी प्रकरणात देणेकरी चक्क कंपनीच्या साप्ताहिक बैठकांना बसत होते. तरी न्यायालयाने त्यांना सोडले, कारण ते बुडणाऱ्या कंपनीतून आपले पैसे वाचवू पाहत होते आणि अटी मानायच्या की नाही हे ठरवण्याचा अधिकार मंडळाकडे उरला होता. मला हा निकाल योग्य वाटतो. 'हे कराल तर पैसे देतो' हा सौदा आहे, नाकारण्याची वाट कितीही अरुंद असली तरी ती असते.

पण हे अभयदान नव्हे. टॅस्बियन या कंपनीत गुंतवणूकदार संस्थेने आजारी कंपन्या सावरणारा एक जाणकार पाठवला. तो पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होता. पुढे कोणते चेक सहीसाठी जायचे आणि कोणते नाही, हे तोच ठरवू लागला, करखात्याशी बोलणीही तोच करू लागला. आपण फक्त सल्लागार होतो, ही त्याची बाजू. अपील न्यायालयाने त्याच्याविरुद्धचे अपात्रतेचे प्रकरण पुढे चालवायला परवानगी दिली, कारण चेकबुकाची चावी हातात घेणे हे सल्ल्यापलीकडचे काम आहे. आपल्याकडच्या सीए, कंपनी सेक्रेटरी आणि वकील मंडळींनी हा निकाल जरूर वाचावा. व्यावसायिक सल्ल्याचा अपवाद सल्ल्यापुरता आहे. अशिलाच्या कंपनीचा कारभारच आपल्या कचेरीतून चालू लागला, तर पदवीची चौकट वाचवत नाही.

छाया संचालक ठरला, तर पुढे काय? ब्रिटनमध्ये याचे उत्तर जड आहे. १९८६ च्या दिवाळखोरी कायद्यातील कलम २१४ नुसार, कंपनी वाचणार नाही हे कळत असूनही धंदा रेटत नेणाऱ्या संचालकाला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागू शकते, आणि त्या कलमात संचालक म्हणजे छाया संचालकही, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याला अपात्र ठरवता येते. कंपनीशी एकनिष्ठ राहण्याचे, तिचे हित आपल्या हितापुढे ठेवण्याचे कर्तव्य त्याच्यावर आहे का, यावर बराच काळ मतभेद होते. २०१३ मध्ये विवेंडी प्रकरणात न्यायमूर्ती न्यूई यांनी, निदान त्याने दिलेल्या सूचनांपुरते तरी ते आहे, असे ठरवले. २०१५ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त करून संचालकांची सर्वसाधारण कर्तव्ये, जिथवर लागू होऊ शकतील तिथवर, छाया संचालकालाही लागू केली.

भारतात चित्र विस्कळीत आहे, आणि या विषयावर लिहावेसे वाटले ते त्यामुळेच. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात छाया संचालक हा शब्दच नाही. कलम २(३४) प्रमाणे संचालक म्हणजे मंडळावर नेमलेला संचालक, बस. पण तीच जुनी कल्पना कायद्यात ठिकठिकाणी पेरलेली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी शब्द जरा वेगळे आहेत. १९५६ च्या कायद्यातही ती होती. आज कलम २(५९) मधील 'अधिकारी' या व्याख्येत, ज्याच्या निर्देशांवर संचालक मंडळ किंवा कोणीही एक वा अधिक संचालक वागत आले आहेत, ती व्यक्ती येते. लगेच पुढच्या कलम २(६०) मध्ये 'कसूरदार अधिकारी' कोण हे सांगताना 'सल्ला' हा शब्द वाढतो, व्यावसायिक सल्लागार वगळला जातो, पण 'एखादा संचालक' गळतो. तिथे मंडळच हवे. वार्षिक विवरणपत्र न भरणे, हिशेब वेळेत सादर न करणे अशा कसुरींचा दंड बहुतांशी याच व्याख्येवर उभा आहे. कलम २(६९) मध्ये हीच व्यक्ती 'प्रवर्तक' म्हणून येते आणि कलम २(७६) मध्ये 'संबंधित पक्ष' म्हणून.

एक संचालक की सगळे मंडळ, हा फरक कागदी वाटेल. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे प्रकरण आठवून पाहा. सेबीच्या ११ फेब्रुवारी २०२२ च्या आदेशानुसार, बाजाराच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक चित्रा रामकृष्ण यांनी संस्थेची अंतर्गत माहिती ई-मेलने एका अज्ञात व्यक्तीला पाठवली होती आणि कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनासारख्या बाबींतही तिचा सल्ला घेतला होता. ती व्यक्ती हिमालयात वावरणारा सिद्धपुरुष आहे, असे त्यांचे सेबीपुढील म्हणणे होते. ती व्यक्ती कोण, यावर तपास यंत्रणांनी पुढे आपले दावे केले, तो इथला विषय नाही. सेबीचा आदेशही छाया संचालकाच्या व्याख्येवर उभा नव्हता, गोपनीय माहिती बाहेर देणे आणि नेमणुकीतील अनियमितता हे त्यातले मुद्दे होते. तरी कंपनी कायद्याच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न सोडवून पाहावा: व्यवस्थापकीय संचालक बाहेरच्या कोणाच्या सल्ल्याने वागत असेल आणि बाकीच्या मंडळाला त्याचा पत्ताही नसेल, तर ती बाहेरची व्यक्ती कोण? कलम २(५९) चे दार एका संचालकाच्या आज्ञापालनानेही उघडू शकते. कलम २(६०) चे दार तेवढ्याने उघडणे कठीण. एवढ्या मोठ्या संस्थेत जे घडू शकते ते चार भिंतींतल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत रोज घडते, आणि तिथे तर व्यवस्थापकीय संचालक म्हणजेच मंडळ.

याहून गंभीर उणीव दिवाळखोरीत दिसते. २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेतील कलम ६६(२) हे ब्रिटनच्या कलम २१४ चे भावंड. कंपनी वाचत नाही हे दिसत असताना देणेकऱ्यांचे नुकसान कमी करण्याची काळजी न घेणाऱ्या संचालकाला त्यानुसार भरपाई द्यायला लावता येते. पण आपल्या कलमात नाव घेतले आहे ते संचालकाचे आणि भागीदाराचे. छाया संचालक तिथे नाही. कलम ६६(१) कोणत्याही व्यक्तीला गाठते खरे, पण त्यासाठी फसवणुकीचा हेतू सिद्ध करावा लागतो आणि तो सिद्ध करणे किती अवघड असते हे वकिलांना विचारा. कंपनी कायद्यातील कलम ३४० मध्ये, कंपनी विसर्जित होत असताना गैरव्यवहाराची भरपाई 'अधिकाऱ्या'कडून मागता येते आणि त्या शब्दाच्या आडून मोठ्या साहेबांपर्यंत पोहोचता येते. मात्र आता बुडीत कंपन्यांची बहुतांश प्रकरणे संहितेच्या वाटेने जातात. संचालकांची कर्तव्ये सांगणारे कलम १६६ देखील फक्त संचालकांविषयी बोलते. म्हणजे निष्काळजीपणाचा ठपका सही करणाऱ्या पुतण्यावर आणि सही करायला लावणारा साहेब मोकळा, अशी स्थिती येऊ शकते. हे अन्यायाचे आहे आणि संसदेने कलम ६६(२) मध्ये एक ओळ घालून ते दुरुस्त करावे, असे मला ठामपणे वाटते. ब्रिटनने ती ओळ १९८६ मध्येच घातली.

पडद्यामागच्या माणसाला उजेडात आणण्याची दुसरी वाट अलीकडे रुंद झाली आहे. कंपनी कायद्यातील कलम ९० नुसार 'महत्त्वाचा लाभार्थी मालक' जाहीर करावा लागतो. दहा टक्के हिस्सा हा त्याचा एक निकष, पण लक्षणीय प्रभाव किंवा नियंत्रण हाही आहे. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या कंपनी निबंधकांनी लिंक्डइनच्या भारतीय कंपनीबाबत आदेश देताना, मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला आणि लिंक्डइनचे रायन रोस्लान्स्की यांना असे लाभार्थी मालक ठरवले आणि कंपनी व इतरांसह सर्वांवर मिळून २७ लाख रुपयांहून अधिक दंड लावला. कोण कोणाला उत्तरदायी आहे, या साखळीचा विचार त्यात झाला. ब्रिटिश न्यायालयांनी मूळ कंपनीबाबत दाखवलेल्या सावधपणाशी हा आदेश ताडून पाहण्यासारखा आहे.

सहकारी साखर कारखाने, पतसंस्था यांतले दृश्यही वाचकांच्या डोळ्यांपुढे आले असेल. पण त्यांना कंपनी कायदा लागू नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील कलम ८८ मध्ये संस्थेच्या व्यवस्थापनात भाग घेतलेल्या कोणत्याही व्यक्तीकडून नुकसान वसूल करण्याची तरतूद आहे, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

कोणी छाया संचालक आहे हे सिद्ध कसे होते? क्वचितच एखाद्या मोठ्या पुराव्याने, बहुधा बारीकसारीक कागदांनी. व्हॉट्सॲपवरचा 'याचे पेमेंट थांबव' हा निरोप आणि त्यानंतर न गेलेला चेक. बैठकीच्या आदल्या दिवशीच टाइप झालेले इतिवृत्त. बँकेच्या अधिकाऱ्याला कंपनीतर्फे बोलताना कोण भेटला याची त्याच्या वहीतली नोंद. कामगारांची साक्ष. आणि सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे साहेबांनी सांगितलेली एखादी गोष्ट मंडळाने कधी नाकारली का, या प्रश्नाचे उत्तर. पाच वर्षांच्या कागदांत एकही नकार सापडला नाही, तर वकिलाला फार बोलावे लागत नाही.

नामधारी संचालकाला मात्र छाया संचालक सापडल्याने सुटका मिळत नाही. दोघेही जबाबदार राहतात. कंपनीचा चेक न वटल्यास परक्राम्य दस्तऐवज कायद्यातील कलम १४१ धंद्याचा कारभार प्रत्यक्षात कोणाच्या हाती होता हे बघते, आणि नुसते संचालक असणे पुरेसे नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एसएमएस फार्मास्युटिकल्स प्रकरणात सांगितले आहे. पण त्याच चेकवर तुमची सही असेल तर हा आधार राहत नाही. आयकर कायदा खासगी कंपनीचा बुडीत कर तिच्या संचालकांकडून मागतो आणि आपली हयगय नव्हती हे पटवण्याचे ओझे संचालकावरच टाकतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे पटावरून काढली आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. साहेबांच्या शब्दाखातर सही केलेल्यांना अशा वेळी विचारणारे कोणी नसते.

म्हणून घरच्या कोणी किंवा मालकाने "नावापुरती सही कर" म्हटले, तर संमतीचा डीआयआर-२ अर्ज भरण्याआधी कंपनीची मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागा. आधीच संचालक असाल, तर बैठकीचे इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका आणि न पटलेल्या ठरावाला आपला विरोध त्यात लिहून घ्या, कारण आक्षेप न घेता गप्प राहिलेला संचालकही कंपनी कायद्याच्या कलम २(६०) मध्ये कसूरदार ठरू शकतो. बाहेर पडायचे असेल तर राजीनामा लेखी द्या, त्याची पोच ठेवा आणि कारणांसह त्याची प्रत तीस दिवसांत डीआयआर-११ अर्जाने निबंधकांकडे स्वतः पाठवा. राजीनाम्यानंतरही आपल्या कार्यकाळातील गुन्ह्यांची जबाबदारी कायम राहते, असे कलम १६८ सांगते.